सर्दीवर झाडलेली गोळी टायफॉइडला कशी लागणार?

घसा खवखवला की मेडिकलमधून ‘ॲझी’ आणायची, ही आपल्याला लागलेली सवय. पण त्याच तीन गोळ्यांवर टायफॉइडच्या पेशंटची भिस्त आहे. प्रतिजैविकांच्या जागृती सप्ताहाच्या निमित्तानं त्या पट्टीचा हा हिशोब.

नोव्हेंबर आलाय. पहाटे गारवा, दुपारी चटका आणि दिवसभर धूळ. वर्गात एक जण खोकला की मागून चार जण साथ देतात. सबमिशन तोंडावर आहे, अटेंडन्स कमी आहे, त्यामुळे आजारी पडायला कुणालाच वेळ नाही. मग ग्रुपवर मेसेज पडतो, ‘यार, घसा पार बसलाय.’ पाच सेकंदांत उत्तर येतं, ‘ॲझी ५०० घे. रोज एक, तीन दिवस. मला एकदम फरक पडला.’ सानपाडा स्टेशनवर उतरून घरी जाईपर्यंत एखादं तरी मेडिकल वाटेत लागतंच. तिथं चिठ्ठी कुणी मागत नाही, तुम्ही दाखवत नाही. डॉक्टरची फी वाचली, वेटिंगमधला तास वाचला, काम झालं.

यात बिघडलं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सहसा मोठमोठ्या आकड्यांत दिलं जातं. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा जगभर औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयीच्या जागृतीसाठी पाळला जातो. २०२५ मध्ये त्याच्या पहिल्याच दिवशी केंद्र सरकारनं या विषयावरचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०२५ ते २०२९ या काळासाठीचा. त्याआधी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला होता. २०२३ मध्ये प्रयोगशाळेत पक्क्या झालेल्या दर सहा जिवाणू संसर्गांपैकी एक औषधाला दाद देत नव्हता, असं तो सांगतो. आपण ज्या दक्षिण-पूर्व आशिया विभागात मोडतो, तिथं हे प्रमाण तिनात एक आहे. २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे २ लाख ९७ हजार मृत्यू थेट या कारणानं झाले, असाही एक अंदाज आहे.

आकडे भयंकर आहेत, पण खरं सांगायचं तर लाखांचे आकडे वाचून कुणी मेडिकलच्या दारातून परत फिरत नाही. म्हणून आज एकच गोळी, एकच आजार आणि एकच शहर घेऊ. गोळी ॲझिथ्रोमायसिन. आजार टायफॉइड. शहर आपलं, नवी मुंबई.

२०१८ची ती सुई

तुम्ही आज सतरा ते एकवीसच्या दरम्यान असाल आणि लहानपण नवी मुंबईत गेलं असेल, तर एक गोष्ट आठवून बघा. २०१८च्या पावसाळ्यात महापालिकेनं मुलांना टायफॉइडची लस टोचली होती. वय नऊ महिने ते १४ वर्षं. शहरातल्या साधारण निम्म्या आरोग्य केंद्रांच्या हद्दीत झालेल्या पहिल्या टप्प्यात १ लाख १३ हजारांवर मुलांना ती मिळाली. कदाचित त्यात तुम्हीही असाल आणि हात दुखल्यापलीकडे काही आठवत नसेल.

ती साधी मोहीम नव्हती. टायफॉइडची ही नवी ‘काँज्युगेट’ लस सरकारी यंत्रणेमार्फत सरसकट मुलांना देण्याचा जगातला पहिला मान नवी मुंबईकडे जातो. पुढे संशोधकांनी लस दिलेल्या आणि न दिलेल्या वस्त्यांची तुलना केली, तेव्हा लस मिळालेल्या भागातल्या मुलांमध्ये टायफॉइड निम्म्याहून जास्त घटल्याचं दिसलं.

आता प्रश्न असा, की औषध असताना लशीचा एवढा खटाटोप कशासाठी? नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, नळाला पाणी आहे. तरीही टायफॉइड इथं होतो. दूषित पाणी, त्याच पाण्याचा बर्फ, उघड्यावरचं खाणं, न धुतलेले हात, न धुतलेल्या टाक्या, यातल्या कशातूनही तो पोटात शिरतो. पण लशीची घाई फक्त तेवढ्यासाठी नव्हती. टायफॉइडवरची औषधं एकेक करून निकामी होत चालली होती, हे त्यामागचं मोठं कारण होतं.

एकेक दार बंद होत गेलं

तुमच्या आजीला विचारा, ती टायफॉइडला ‘मुदतीचा ताप’ म्हणेल. म्हणजे आपली मुदत भरल्याशिवाय न जाणारा ताप. तीन-तीन आठवडे माणूस अंथरुणाला खिळायचा. काही उठायचे, काही नाही.

१९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध टायफॉइडवर चालतं हे कळलं आणि चित्र पालटलं. पण १९७२ मध्ये मेक्सिकोत मोठी साथ आली. जंतू क्लोरॅम्फेनिकॉलला जुमानत नव्हता. त्याच वर्षी केरळमध्ये कालिकतलाही तेच घडलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारतभर असा टायफॉइड पसरला, की त्याच्यावर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल ही तिन्ही जुनी औषधं चालेनात.

मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन हाताशी आलं. स्वस्त, गोळीच्या रूपात आणि जबरदस्त. तुमच्या आईबाबांच्या कॉलेजच्या काळातला हा हिरो. त्या काळी जुलाब झाले, घे सिप्रो. ताप आला, घे सिप्रो. आज जसं ॲझीचं चाललंय, अगदी तसंच. परिणाम? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या जाळ्यातल्या प्रयोगशाळांत आज टायफॉइडचे जे जंतू तपासले जातात, त्यातले ९५ टक्क्यांहून जास्त सिप्रोच्या कुळातल्या औषधांना दाद देत नाहीत. एका पिढीच्या आत ते दार बंद झालं.

आता हातात उरलं काय? सेफ्ट्रायॅक्झोन, जे इंजेक्शनानं द्यावं लागतं. त्याच कुळातलं गोळीचं सेफिक्झिम. आणि ॲझिथ्रोमायसिन.

यातली पहिली दोनही हातची जाऊ शकतात, हे शेजारी दिसून आलं. पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या हैदराबादमध्ये २०१६ पासून असा टायफॉइड पसरला, ज्याच्यावर तिन्ही जुनी औषधं, सिप्रो आणि सेफ्ट्रायॅक्झोन, काहीच चालेना. हजारो लोकांना तो झाला. डॉक्टरांच्या हातात दोनच गोष्टी उरल्या. एक, हॉस्पिटलमध्ये शिरेतून द्यायची महागडी ‘कार्बापेनेम’ इंजेक्शनं. आणि दुसरी, घरी बसून घेता येणारी एकमेव गोळी. तिचं नाव ॲझिथ्रोमायसिन.

म्हणजे ग्रुपवर जिची शिफारस होते, घसा खवखवला म्हणून आपण जी पाण्याबरोबर ढकलतो, तीच ही गोळी.

आणि तिच्याही भिंतीला भेगा दिसू लागल्यात. बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ आणि भारतातूनही ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणारे टायफॉइडचे जंतू सापडल्याच्या नोंदी आहेत. अजून त्या तुरळक आहेत. त्या तुरळक राहतील की नाही, हाच खरा मुद्दा आहे.

‘पण मी तर सर्दीसाठी घेतली!’

इथं तुम्ही म्हणाल, मला टायफॉइड झालाच नव्हता. मग माझ्या गोळीमुळे टायफॉइडचा जंतू कसा शिकेल?

सर्दी, खोकला, फ्लू, बहुतेक वेळा घसादुखीसुद्धा, ही विषाणूंची कामं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. त्यामुळे सर्दीत घेतलेली ॲझी सर्दीचं काहीच बिघडवत नाही. पण ती नुसती वाया जाते असंही नाही. तुमच्या आतड्यात, घशात, त्वचेवर कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यातले बरेचसे निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे. गोळीचा मारा त्यांच्यावर होतो. जे लेचेपेचे ते मरतात, जे औषध पचवू शकतात ते उरतात आणि मोकळी झालेली जागा तेच भरून काढतात. ॲझी तीनच दिवस का घ्यायची असते माहितीय? ती शरीरातून फार हळूहळू बाहेर पडते. शेवटच्या गोळीनंतरही बरेच दिवस ती आत रेंगाळत असते. म्हणजे तुमच्या दृष्टीनं कोर्स संपला, तरी आतल्या जिवाणूंची परीक्षा चालूच असते.

आणि जिवाणू कॉपी करतात. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच्या नोट्सचं पीडीएफ जसं अख्ख्या वर्गात फिरतं, तसे डीएनएचे छोटे गोल तुकडे जिवाणू एकमेकांना देतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. औषधाला कसं चुकवायचं याची कृती त्यावर लिहिलेली असू शकते. सिंधमधल्या त्या टायफॉइडचा जनुकीय तपास झाला, तेव्हा त्याच्याकडे असंच एक प्लास्मिड सापडलं आणि ते आतड्यातल्या ई. कोलायसारख्या जिवाणूकडून आल्याचा माग लागला. आपल्या पोटातले निरुपद्रवी वाटणारे रहिवासी रोगजंतूंना नोट्स पुरवू शकतात, याचा याहून ठळक पुरावा शोधायला नको. काही वेळा उसन्या नोट्सही लागत नाहीत. जंतूच्या स्वतःच्या जनुकात एखादा बारीक बदल होतो आणि औषध सगळीकडे मुबलक असेल तर नेमका तोच वाण तगतो, पसरतो. ॲझीच्या बाबतीत टायफॉइडमध्ये असे बदल दिसले आहेत.

एका मुलाच्या तीन गोळ्यांनी उद्या सानपाड्यात साथ येणार नाही, हे खरंच आहे. पण तो मुलगा एकटा नाही. भारतातल्या खासगी बाजारातल्या अँटिबायोटिक विक्रीचा २०१९चा अभ्यास ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात २०२२ मध्ये आला. त्यात देशात सगळ्यात जास्त खपलेलं एकच औषध काढलं, तर ते निघालं ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी. वर्षाला सुमारे ३८ कोटी दैनिक डोस. दुसऱ्या नंबरवर सेफिक्झिम २०० मिलिग्रॅम. टायफॉइडसाठी गोळीच्या रूपात उरलेली जी दोन औषधं, तीच दोन आपण देशात सगळ्यात जास्त उधळतो. आणि हा कोविडच्या आधीचा हिशोब आहे. कोविडमध्ये तर ॲझी घराघरांतल्या किटमध्ये जाऊन बसली. कोविडही विषाणूचाच आजार होता.

‘मला तर फरक पडतो’

हा अनुभव खोटा नाही, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. सर्दीचा जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. आपण गोळी आणायला बाहेर पडतो तेही त्याच दिवशी, कारण तेव्हाच सहन होत नाही. त्यानंतर सर्दी आपसूक उतरणीला लागते. श्रेय गोळीला जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसलाच हा प्रकार. औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर आठवड्यानं, हा विनोद डॉक्टर उगाच सांगत नाहीत.

दुसरा गैरसमज रंगाचा. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे ‘इन्फेक्शन वाढलं, आता अँटिबायोटिक पाहिजे’ असं घरोघरी म्हणतात. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींच्या कामामुळे येतो, साध्या विषाणूच्या सर्दीतही. नुसत्या रंगावरून काही ठरत नाही.

तिसरा गैरसमज वेळेचा. मार्च २०२३ मध्ये देशभर फ्लूची लाट होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननं आपल्याच डॉक्टरांना पत्रक काढून सांगितलं होतं, की ताप तीन दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, त्यासाठी सरसकट अँटिबायोटिक लिहू नका. त्यात ॲझिथ्रोमायसिनचं नाव घेऊन उल्लेख होता. जुलाबांपैकी सुमारे ७० टक्के विषाणूंमुळे होतात, त्यांनाही अँटिबायोटिक लागत नाही, हेही त्यात होतं. तीन आठवडे! आपण तिसऱ्या दिवशीच धीर सोडतो.

आणि ‘घेतली तर नुकसान काय’ हा बचावही तितकासा भक्कम नाही. पोट बिघडणं, मळमळ, ॲलर्जी हे नेहमीचं. काही लोकांत ॲझिथ्रोमायसिन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. आपल्याला तो धोका आहे की नाही, हे ग्रुपवरच्या मित्राला माहीत नसतं.

दोष एकट्या तुमचा नाही

हा सगळा भार विद्यार्थ्यांच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं अन्यायाचं ठरेल. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रानं २०२१-२२ मध्ये देशातल्या २० मोठ्या हॉस्पिटलांत पाहणी केली. दाखल रुग्णांपैकी जवळपास ७२ टक्के जणांना अँटिबायोटिक चालू होतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ते झालेल्या संसर्गावर नव्हे, तर ‘होऊ नये म्हणून’ दिलं होतं. ही मोठी हॉस्पिटलं आहेत. कोपऱ्यावरच्या दवाखान्याची गोष्ट वेगळीच. तिथं डॉक्टरांनाही भीती असते, की पेशंटला नुसतं ‘आराम कर, गुळण्या कर’ सांगितलं तर तो उद्या शेजारच्या डॉक्टरकडे जाईल. आणि आपणच तर म्हणतो ना, ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या, परवा पेपर आहे.’

पोल्ट्रीतही हेच. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यातून अँटिबायोटिकं दिली जात होती. त्यातलं कोलिस्टिन हे माणसांसाठीचं अगदी अखेरचं अस्त्र. खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी ते वापरायला केंद्रानं २०१९ मध्ये बंदी घातली.

नियमही आहेत. ॲझिथ्रोमायसिन ‘शेड्यूल एच’मध्ये येतं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. सेफिक्झिमसारखी औषधं तर मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. ती विकताना दुकानदारानं डॉक्टर आणि पेशंटचं नाव, औषध, संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. २०१६ मध्ये केंद्रानं ‘लाल रेघे’ची मोहीम काढली. पट्टीच्या मागच्या बाजूला उभी लाल रेघ दिसली तर हे औषध मनानं घ्यायचं नाही, एवढं साधं. जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहिलं, की अँटिबायोटिक लिहिताना चिठ्ठीवर कारणही लिहा. त्याच सुमारास औषध विक्रेत्यांनाही चिठ्ठीशिवाय न विकण्याचं आवाहन झालं.

मग अडतं कुठे? महाराष्ट्राला याचं उत्तर माहीत आहे. २०१२-१३च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी नवा कायदा आणला नव्हता. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठीची औषधं चिठ्ठीवरच विकायची आणि बिल द्यायचं, हे जुनेच नियम त्यांनी कडकपणे लावायला घेतले. परवान्यांवर कारवाया झाल्या. विक्रेत्यांच्या संघटना खवळल्या, दुकानं बंद ठेवण्याचे इशारे आणि बंदही झाले. जुनाच नियम पाळायला सांगितल्यावर एवढं वादळ उठतं, याचा अर्थ तो न पाळणं हाच व्यवहार झाला होता. अधिकारी बदलला की असली मोहीम थंडावते, कारण ती ग्राहकालाही नकोशी असते. चिठ्ठी न मागणारं मेडिकल आपल्याला ‘चांगलं’ वाटतं.

केरळनं वेगळी वाट धरली. २०१८ मध्येच राज्याचा स्वतःचा कृती आराखडा केला. जानेवारी २०२४ पासून ‘ऑपरेशन अमृत’ नावानं चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. यात लोकांनाही तक्रार करायला सामील करून घेतलं. अँटिबायोटिक वेगळ्या निळ्या पाकिटात द्यायची पद्धत आणली, म्हणजे घरी नेणाऱ्याला कळावं की ही साधी गोळी नाही. वर छापा आणि खाली शहाणपण, दोन्ही बाजूंनी एकदम. महाराष्ट्रात एक बाजू एकदा जोरात चालून गेली, दुसरी मात्र अजून बाकी आहे. ती बाजू म्हणजे आपण.

आणि ‘नवीन औषध येईलच की’ या आशेवर राहू नका. महाराष्ट्रातल्याच वोखार्ट कंपनीनं विकसित केलेलं नॅफिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं मोठ्या अभिमानानं सादर केलं. ॲझिथ्रोमायसिनच्याच विस्तारित घराण्यातलं, न्यूमोनियासाठीचं. त्यामागे १४ वर्षांचं संशोधन आणि सुमारे ५०० कोटी रुपये होते. एक औषध उभं करायला १४ वर्षं लागतात. ते सर्दीवर उधळायला आपल्याला तीन दिवस पुरतात.

मग ताप आला तर करायचं काय?

अँटिबायोटिक वाईट नाही. न्यूमोनियात, टायफॉइडमध्ये, लघवीच्या संसर्गात ते जीव वाचवतं. ते घेऊच नका, असा या सगळ्याचा अर्थ काढू नका. ते कधी घ्यायचं हे ठरवणारा माणूस ग्रुपवर नसतो, एवढाच अर्थ.

आणि टायफॉइडच्या बाबतीत इथं एक व्यावहारिक गोम आहे. टायफॉइड पक्का ओळखायची खात्रीची चाचणी म्हणजे रक्ताचं कल्चर. रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं हेही तपासायचं. पण तुम्ही आधीच मनानं दोन ॲझी घेतल्या असतील, तर जंतू अर्धवट दबतात आणि कल्चरमध्ये उगवतच नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह, ताप मात्र चालूच. मग सुरू होतो अंदाजपंचे उपचारांचा खेळ. झटपट होणाऱ्या विडाल चाचणीवर भिस्त ठेवावी, तर ती अनेकदा दिशाभूल करते. म्हणजे पेपर चुकू नये म्हणून घेतलेली गोळीच कधी कधी अख्खं सेमिस्टर घालवते.

नवी मुंबईत पावसाळ्यात आणि नंतरही काही आठवडे डेंग्यू, मलेरियाही असतात. डेंग्यू विषाणूचा, त्यावर अँटिबायोटिक नाही. मलेरिया परजीवीचा, त्याची औषधं वेगळी. तिघांचीही सुरुवात तापानंच होते. म्हणून ‘ताप आहे, घे ॲझी’ हा सल्ला तीनही आजारांत वेळ खातो. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घेणं त्याहून कितीतरी शहाणपणाचं.

हे कापून हॉस्टेलच्या भिंतीवर लावा

* सर्दी, खोकला, घसादुखी, अंगदुखी आहे पण खातापिता येतंय, श्वास नीट चाललाय : आराम, भरपूर पाणी, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, वाफ सांभाळून. तापाला साधं पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. डेंग्यूची शंका फिटेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनानं नको.

* ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला, रोज चढत गेला, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, अंगावर चट्टे उठले, दम लागतोय, गुंगी येतेय किंवा बरं वाटून पुन्हा ताप उलटला : डॉक्टर. त्याच दिवशी. धाप, रक्तस्राव किंवा बेशुद्धी असेल तर थेट हॉस्पिटल.

* अँटिबायोटिक लिहून दिलं तर विचारा : ‘हे नेमकं कशासाठी? आधी काही टेस्ट करायची का? किती दिवस? दुष्परिणाम दिसला तर काय करू?’ असं विचारणं उद्धटपणा नाही.

* डॉक्टरांनी सांगितलं असेल तितके दिवस घ्या. मनानं बंद नको, मनानं वाढवणंही नको. त्रास झाला तर फोन करून विचारा.

* उरलेली पट्टी ‘पुढच्या वेळी उपयोगी पडेल’ म्हणून डब्यात ठेवू नका, रूममेटला देऊ नका. तुमच्या घशाची चिठ्ठी त्याच्या पोटाला लागू होत नाही.

* हात धुणं, बाहेरचा बर्फ टाळणं, सोसायटीची टाकी वेळेवर साफ करून घेणं आणि टायफॉइडच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारणं. झालाच नाही तर गोळी लागणारच नाही.

मैत्रीण ग्रुपवर ‘ॲझी घे’ म्हणाली तर तिच्याशी भांडू नका. ती काळजीनंच सांगतेय. फक्त विचारा, ‘ताप किती दिवस आहे ते बघून ठरवूया का?’ आणि मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी मागितली तर नाक मुरडू नका. ते नियम पाळतायत, तुमची अडवणूक करत नाहीयेत.

या सगळ्यात एक आशेची गोष्टही आहे. १९७२ मध्ये टायफॉइडनं ज्या क्लोरॅम्फेनिकॉलला हरवलं होतं, ते औषध डॉक्टरांनी हळूहळू बाजूला ठेवलं. वर्षं गेली, वापर थांबला. आणि आज आयसीएमआरच्या प्रयोगशाळांत तपासलेले टायफॉइडचे बहुतेक जंतू त्या जुन्या औषधाला पुन्हा दाद देताना दिसतात. दुष्परिणामांमुळे ते पूर्वीसारखं सर्रास वापरता येणार नाही. प्रत्येक औषधाच्या बाबतीत असं घडेल याचीही खात्री नाही. पण औषधाला विश्रांती दिली तर त्याची धार परत येऊ शकते, हे आपल्याच देशात, याच आजारात दिसलंय. ॲझीची धार अजून पुरती गेलेली नाही. तिला विश्रांती द्यायची वेळ आत्ताची आहे, ती बोथट झाल्यानंतरची नाही.